दुसऱ्याच्या हाकेला ओ

"नुसतं 'शिलाई मशीन' घातलंत ना बाबा, तर जगातली सगळी मशीनं तुमच्या पुढं रांग लावून उभी राहतील," सूनबाई म्हणाली. "तुमचं दुकान सापडेपर्यंत माणसाचं बोट झिजेल. पुढचा शब्द सांगा."

"दुरुस्ती."

"तो घातला. अजून?"

बारक्या खुर्चीत चुळबुळला. टेबलाखाली त्याचा उजवा पाय आपोआप खालीवर होऊ लागला. जन्मभर पायानं मशीनं चालवून पाहिलेला माणूस. त्याचा पाय कधी गप्प बसत नसे, आणि विचारात पडला की तर मुळीच नाही.

"अहो, टेबल शिवताय का?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "चहा सांडेल पोरीच्या त्या कॉम्प्युटरवर."

सुट्टीची सकाळ होती. सूनबाई ज्या ऑफिसात जायची तिथं तिचं कामच हे होतं. कुणाचा दवाखाना, कुणाचं गाद्यांचं दुकान, कुणाचा पंख्यांचा कारखाना. त्यांच्या वेबसाइटसाठी शब्द निवडून द्यायचे. लोक फोनवर जे शब्द टाकून शोधतात, तेच आपल्या पानावर असले तर आपलं दुकान वर दिसतं, नाहीतर तळाशी गाळात रुततं. त्या शब्दांना ती कीवर्ड म्हणायची. बारक्यानं पहिल्याच दिवशी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून टाकला होता. "म्हणजे लोक ज्या नावानं हाक मारतील, त्या नावाला ओ द्यायची." सूनबाईला हे इतकं पटलं की ऑफिसात जाऊन तिनं ते आपल्या साहेबांना ऐकवलं होतं.

पण ओ द्यायची तर हाक कोणती येणार, ते आधी कळायला हवं.

"लिही," बारक्या म्हणाला. "शटलची वेळ जुळवून मिळेल. सुईदांडा सरळ करून मिळेल. दात्यांची उंची..."

"थांबा, थांबा. हे तुम्हाला कळतं, बाबा. बाई दुकानात मशीन घेऊन येते तेव्हा ती काय म्हणते? 'माझ्या शटलची वेळ चुकली' म्हणते?"

बारक्या हसला. "ती म्हणते, मशीन रुसलंय."

"बघा! दुखणं लिहायचं, औषध नाही. ताप आलेला माणूस औषधाचं नाव शोधत नाही, 'ताप आलाय' असंच म्हणतो."

एवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली. "मला विचाराल तर मी म्हणेन, मेलं धागा तोडतंय. आणि खाली दोऱ्याचं घरटं करून ठेवतंय."

"आई, तुम्ही आमच्या ऑफिसात या कामाला," सूनबाई म्हणाली आणि भराभर बोटं चालवू लागली. मशीन धागा तोडते. मशीन टाका सोडते. खालचा दोरा गोळा होतो. मशीन जड चालते. चालवताना आवाज येतो. "मोठ्या शब्दामागं सगळेच धावतात, बाबा, तिथं आपल्याला कोण विचारतंय? असल्या बारक्या शब्दांनी माणसं थोडी येतात. पण येतात ती मशीन काखोटीला मारूनच येतात."

"बारक्या शब्दांनी बारक्याकडे," बायको म्हणाली, आणि तिघंही हसले.

पन्नाशी उलटली होती, डोक्यावर केस नावाला उरले होते, पण बाजारात अजून त्याला बारक्याच म्हणत. नाव ठेवणाऱ्यानं ते तो पोरगेला असताना ठेवलं होतं आणि मग ते चिकटून बसलं. दुकान मागच्या गल्लीत, चपला शिवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध. पूर्वी गिऱ्हाईक तिथंही यायचं. आता नवी मशीनं स्वस्त झाली, बिघडलं की लोक टाकून देतात, आणि ज्यांना टाकवत नाही त्यांना बारक्या ठाऊक नाही. दिवसदिवस तो दाराशी उभा राही. बसवत नसे. एकदा झेरॉक्सवाल्यापर्यंत जाऊन येई, एकदा चपलावाल्यापर्यंत. चपलावाला म्हणे, "अरे, एवढी पायपीट करतोस, तुझ्या चपला मीच फुकट शिवून देतो, पण बस एका जागी."

सूनबाईचे शब्द लागू पडले खरे. कुणाचं मशीन धागा तोडत होतं म्हणून एक शिक्षिका आली, कुणाचं जड चालत होतं म्हणून एक तरुण जोडपं आलं. पण पावसाच्या चार थेंबांनी जमीन भिजत नाही. पुन्हा एका सुट्टीच्या सकाळी सूनबाई समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, एक दाखवू? रागावू नका."

"दाखव."

"आपल्या शहरातली माणसं शिलाई मशीनसाठी फोनवर काय टाकतात, ते इथं दिसतं. 'दुरुस्ती' पार खाली आहे. सगळ्यात वर बघा काय आहे."

बारक्यानं चष्मा लावला. वर एकच शब्द होता. कानवाले.

त्याचा पाय थांबला.

कानवाले म्हणजे त्याचे वस्ताद. चौकातल्या मोठ्या दुकानात ते बसत. मशीन आलं की ते उघडत नसत. गिऱ्हाइकाला म्हणत, चालवा. मग डोळे मिटून, मान कलती करून, कान मशीनजवळ नेत. ऐकत. आणि डोळे उघडून सांगत, अमुक स्क्रू ढिला, तमुक तेलाला तहानलंय. उघडल्यावर तेच निघे. लोक त्यांना कानवालेच म्हणू लागले, पुढं दुकानाच्या पाटीवरही तेच आलं. एकदा तर एक आजोबा पाटी वाचून कान दुखतो म्हणून आत येऊन बसले. वस्तादांनी तेलाची बुदली उचलून विचारलं, "दोन थेंब घालू? आमच्या मशीनांना गुण येतो."

त्या दुकानात बारक्या पोरगा म्हणून शिरला आणि बाप्या होऊन बाहेर पडला. हाताचं सगळं काम तो करी. मशीन खोलणं, धुणं, घासणं, जोडणं. पण ऐकायचं मात्र वस्तादांनी. त्यानं कान पुढं केला की वस्ताद भर गिऱ्हाइकात म्हणत, "सरक. तुझा कान अजून कच्चा आहे." पहिल्यांदा तो लाजला. मग हिरमुसला. मग, मिशा पिकू लागल्यावरही तेच वाक्य आलं तेव्हा एके दिवशी त्यानं हातातला पाना टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. मागून कुणी हाक मारली नाही. त्यानंही वळून पाहिलं नाही. गावभर सगळ्यांना भेटत राहिला, त्या एका दाराकडे मात्र फिरकला नाही. पुढं वस्तादांचं दुकान बंद पडल्याचं त्यानं ऐकलं, त्यांना बरं नसतं हेही ऐकलं. जाऊन येऊ, जाऊन येऊ म्हणत दिवस गेले.

"दुकान बंद झालं तरी लोक शोधतातच," सूनबाई म्हणत होती. "पण त्यांचं पान कुठंच नाही. शोधतात आणि हात हलवत परत जातात."

"मग घाल," बारक्या म्हणाला.

"काय?"

"कानवाले. घाल आपल्या पानावर."

सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, दुसऱ्याच्या नावानं गिऱ्हाईक ओढायचं... करतात तसं लोक. आमच्याकडे येतात तसले, नाही म्हणत नाही मी. पण ते तुमचे गुरू ना?"

"गुरू आहेत म्हणूनच. शिष्यानं गुरूचं नाव घ्यायचं नाही तर काय शेजाऱ्याचं घ्यायचं?"

"मग असं लिहिते. 'कानवाल्यांच्या हाताखाली शिकलेले कारागीर.'"

"लांबण लागते. तूच म्हणतेस ना, वरचं वाक्य आखूड हवं? 'कानवाले, शिलाई मशीन दुरुस्ती.' खाली आपला नंबर."

"अहो," बायको मधे पडली, "पोर काय म्हणतेय ते जरा..."

"मी त्यांच्याकडे हाडं झिजवली आहेत," बारक्याचा आवाज चढला. "त्या नावातलं थोडं मांस माझंही आहे. घाल म्हणतो ना!"

सूनबाईनं घातलं. पण त्या दिवशी तिनं चहा अर्धाच घेतला.

आणि फोन वाजू लागला.

"कानवाल्यांचं दुकान ना?"

पहिल्या वेळी बारक्याची जीभ अडखळली. "बोला," एवढंच तो म्हणाला. 'हो'ही म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. दुसऱ्या वेळीही बोलाच म्हणाला. मग कधीतरी 'हो' निघून गेलं, आणि एकदा निघालेलं 'हो' परत आत जात नाही. गल्लीत लोक मशीनं घेऊन येऊ लागले. चपलावाला म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली का?" पण बारक्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. पूर्वी रिकामा होता म्हणून बसवत नव्हतं. आता हातात काम असून बसवेना. फोन वाजला की तो एकदा दाराशी जाऊन येई आणि मगच उचली. कुणी म्हणे, "तुमचे वडील असतील ना ते, मोठे कानवाले?" कुणी जुनी बाई दारातूनच चेहरा न्याहाळी आणि काही न बोलता मशीन ठेवून जाई. ते न बोलणं त्याला दिवसभर टोचे.

एकदा कपडे शिवून देणारी एक ताई आली. तोंडाळ, हसरी. मशीनची वरची बाजू तेवढी पिशवीत घालून आणलेली. "चालवताना टक टक आवाज येतो, दादा. डोक्यात जातो. तुम्ही म्हणे नुसतं ऐकून सांगता. आमच्या आई सांगतात, डोळे मिटतात म्हणे. मिटा की!"

दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती. सगळी बघत होती. बारक्यानं मशीन आपल्या स्टँडवर बसवलं, चालवलं, आणि डोळे मिटले. मान कलती केली. अगदी तशीच. इतकी वर्षं जे पाहिलं होतं ते मानेला पाठ होतं. कानाला मात्र काहीच सांगता येईना. आत त्याच्याच छातीची धडधड तेवढी ऐकू येत होती. आवाज कुठला येतोय, येतोय की नाही, हेही त्याला कळलं नाही. सगळं लक्ष आपण डोळे नीट मिटले आहेत की नाही याकडे.

"शटल," डोळे उघडून तो म्हणाला.

"वा!" ताई म्हणाली. खालच्या दोऱ्याचं ते शटल बदलून घेऊन गेली.

आठवडा झाला असेल-नसेल, ती परत आली. दुपारची वेळ. पिशवी टेबलावर आदळली. "घ्या तुमचे कान! घरी नेलं, तर पुन्हा तोच टक टक. आता माझ्या समोर बघायचं, डोळे उघडे ठेवून."

बारक्या काही बोलणार इतक्यात दारापाशी स्कूटर थांबली. पार्सलं पोचवणारी एक मुलगी उतरली. मागं बसलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून तिनं त्याला हळूच उतरवलं आणि दारात आणलं.

"काका, हे तुमचेच ना? चौकात उभे होते. मोबाइलच्या दुकानासमोर. 'माझं दुकान कुठं गेलं' म्हणून जो येईल त्याला विचारत होते. मी विचारलं, नाव काय दुकानाचं? तर म्हणाले, कानवाले. फोनवर टाकलं तर इथलं दाखवलं. चहा पाजा त्यांना, दमलेत." आणि उशीर झाला म्हणत ती निघूनही गेली.

दारात वस्ताद उभे होते. वाळून काटकी झालेले. सदऱ्याची बटणं खालीवर लावलेली. त्यांनी दुकानावरून सावकाश नजर फिरवली.

"टेबल इकडं कुणी सरकवलं?"

वस्ताद आत आले, बारक्याच्या खुर्चीवर बसले, समोरच्या पान्यांवरून हात फिरवला आणि मग त्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "बारक्या, बघत काय उभा राहिलास? गिऱ्हाईक खोळंबलंय. बसव ते मशीन."

इतक्या वर्षांत काही झालंच नाही, अशा सुरात. भांडण नाही, पाना ठेवून जाणं नाही. त्यांच्या लेखी तो सकाळी झाडू मारून आत आला होता. बारक्याचे पाय आपोआप हलले. त्यानं मशीन उचललं आणि स्टँडवर बसवलं.

ताई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होती. "हे कोण? कानवाले तुम्ही ना?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. म्हाताऱ्याला काय कळणार होतं? पण वस्ताद त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेसमोर त्याला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं.

"नाही ताई. कानवाले हे. मी त्यांचा बारक्या."

"मग त्या दिवशी डोळे मिटून बसला होतात, ते?"

"ती नक्कल होती."



"चालव," वस्ताद म्हणाले.

बारक्यानं पाय ठेवला, मशीन चालू झालं. वस्तादांनी डोळे मिटले. मान कलती झाली. कान मशीनजवळ गेला. बारक्या चालवत राहिला. वस्ताद ऐकत राहिले. नेहमी ते एवढा वेळ घेत नसत. मग त्यांनी मान दुसऱ्या बाजूला केली, दुसरा कान लावला. कपाळावर आठी पडली. डोळे उघडले आणि त्या डोळ्यांत बारक्यानं जे पाहिलं ते त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. भीती. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराच्या डोळ्यांत असते, ती.

"ऐकू येत नाही रे," ते अगदी हळू म्हणाले. "काहीच येत नाही."

बारक्यानं पाय थांबवला. त्यानं मशीनवर हात ठेवला. मग हातानंच चाक फिरवलं, हळूहळू, एक फेरी, दुसरी फेरी. बोटाखाली सगळं लोण्यासारखं फिरत होतं. कुठं अडत नव्हतं, कुठं टेकत नव्हतं. आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आवाज नव्हताच. त्या दिवशीही नव्हता. तो डोळे मिटण्याच्या नादात होता म्हणून त्याला कळलं नव्हतं.

"ताई, घरी हे मशीन कशावर चालवता?"

"आमच्या टेबलावर. पायडलचं जुनं टेबल आहे, सासूबाईंचं."

"ते टेबल कुणी कधी पाहिलं?"

"टेबल कशाला पाहायचं? मशीन बिघडलंय."

बारक्या वस्तादांकडे वळला. मोठ्यानं बोलला, ताईला ऐकू जाईल असं. "वस्ताद, तुमचं बरोबर आहे. आवाज नाहीच. तुम्हाला ऐकू आला नाही, म्हणजे तो या मशीनमधे नाही. ताईंच्या टेबलाखाली पायडलचा दांडा ढिला झाला असणार. तोच टक टक करतो." मग ताईकडे पाहून म्हणाला, "कानवाल्यांना जो आवाज येत नाही, तो मशीनचा नसतोच. मी संध्याकाळी येतो, टेबल बघून जातो. शटल चांगलं होतं तुमचं, ते परत बसवून देतो."

वस्तादांनी एकदा मशीनकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. आठी मोडली.

"तेच म्हणतोय मी केव्हाचं," ते म्हणाले. "मशीनमधे काही नाही." आणि ताईला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "पोरगा हाताचा चांगला आहे. कान तेवढा कच्चा आहे अजून."

"होईल पक्का, वस्ताद," बारक्या म्हणाला. ज्या वाक्यानं त्यानं घर सोडल्यासारखं दुकान सोडलं होतं, ते वाक्य आज कानावर पडलं आणि त्याला कुठंच लागलं नाही. उलट हायसं वाटलं. म्हणजे माणूस अजून आहे.

फोन वाजला.

"कानवाल्यांचं दुकान का?" म्हातारा, घाबरा आवाज.

त्यानं तो लगेच ओळखला. वस्तादांच्या बायकोचा. "काकू, मी बारक्या."

"बारक्या? अरे, मी आमच्या दुकानाचा नंबर मागितला. दुकान नाही हे ठाऊक आहे मला, पण हे सारखे तिकडंच जातो म्हणतात, कुणी उचलला तर विचारू म्हटलं. शेजारच्या मुलीनं फोनमधून शोधून दिला. तो तुझा कसा?"

"काकू, वस्ताद इथं बसलेत. सुखरूप आहेत. चहा घेतायत." चहा अजून यायचा होता, पण ते खोटं त्याला चाललं.

काकू गाडी करून आल्या. आल्या त्या आधी नवऱ्याजवळ गेल्या, त्याची बटणं काढून नीट लावली. मग बारक्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बुटक्या, तोंडानं कायम तिखट. दुकानात असताना बारक्या वस्तादांना भीत नसे एवढा त्यांना भिई.

"पानावर काय लिहिलंयस ते दाखवलं मला त्या मुलीनं. आमचं नाव, तुझा नंबर."

"काकू, मी..."

"गप्प बस. इतकी वर्षं एकदा येऊन तोंड दाखवलं नाहीस. हे रोज विचारतात, बारक्या आला का. मी म्हणते, येईल. नाव तेवढं घेतलंस रे. नाव घेतलंस तर माणूसही घे की अधूनमधून. का नुसतं नावच चालतं तुझ्या दुकानाला?"

बारक्यानं मान खाली घातली. ताई पिशवीचे बंद उगाच बांधत-सोडत होती.

"दुपारी माझा डोळा लागतो," काकूंचा आवाज उतरला. "तेवढ्यात निसटतात. दार लावून घेतलं तर दारावर डोकं आपटतात. काय करू मी?"

संध्याकाळी ताईकडचं टेबल पाहून, दांड्याचा स्क्रू आवळून बारक्या घरी आला तो सरळ सूनबाईसमोर बसला. "काढ ते नाव. आत्ता काढ."

त्यानं सगळं सांगितलं. बायकोनं ऐकता ऐकता दोनदा डोळे टिपले. सूनबाईनं कॉम्प्युटर उघडला, पण तिची बोटं तशीच राहिली.

"बाबा, काढते. पण ते पुन्हा निसटले तर? ते रस्त्यात एकच नाव सांगणार. कुणी भला माणूस तेच फोनवर टाकणार. आणि आपण काढलं, तर पुढं काहीच येणार नाही."

बारक्या उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दुकान चालावं म्हणून जे नाव त्यानं उचललं होतं, ते आता त्याला ठेवायचंही नव्हतं आणि टाकायचंही नव्हतं. काढलं तर तो सुटणार होता. ठेवलं तर वस्ताद सापडणार होते.

"राहू दे," तो शेवटी म्हणाला. "पण वाक्य बदल. लिही, 'कानवाले दुपारी इथं बसतात. काम त्यांचा बारक्या करतो.'"

"हे लांबलं, बाबा."

"लांबू दे."

"आणि हे वाचून पूर्वीइतकी माणसं नाही यायची कदाचित."

"ते कळतंय मला. लिही."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो स्वतः काकूंच्या घरी गेला आणि वस्तादांना हाताला धरून घेऊन आला. मग ते रोजचंच झालं. गिऱ्हाईक कमी झालं खरं, काही जण फोनवरच म्हणत, "मग राहू द्या." जी येत त्यांना बारक्या खुर्चीकडे बोट दाखवी आणि मशीन तिथं नेऊन ठेवी. वस्ताद कान लावत. कधी काही सांगत, ते बरोबर असे. कधी भलतंच सांगत. तेव्हा तो "बरं वस्ताद" म्हणे आणि जे करायचं ते करी. काही दिवस त्यांना तो बारक्या म्हणून आठवे. काही दिवस ते त्याला अहो-जाहो करत आणि विचारत, तुमचं मशीन कोणतं?

एका दुपारी ऊन कलायच्या सुमारास एक जुनं मशीन दुरुस्त होऊन तयार झालं. चालवून पाहायचं तेवढं राहिलं होतं, बाई ते न्यायला येणार होती. बारक्यानं वळून पाहिलं. खुर्चीत वस्तादांना झोप लागली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, कान दुकानाकडे. बारक्यानं स्टँडवरून मशीन अलगद सोडवलं, छातीशी धरून बाहेर आणलं आणि दुकानाच्या पायरीवर मांडलं. चपलावाल्यानं ठोकायला उचललेला हातोडा त्याची खूण पाहून तसाच खाली ठेवला. मग पायरीवर उकिडवा बसून, फडक्याचा तुकडा सुईखाली घेऊन, आवाज होऊ नये म्हणून बारक्या हातानं चाक फिरवू लागला. एक टाका. मग दुसरा. मग तिसरा.